हलके छर्रे आणि विस्कटणारा ग्रुप : १० मीटर एअर पिस्तुलावरचा वापरानंतरचा अनुभव

१० मीटर एअर पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅम वजनाचे, सपाट डोक्याचे, ४.४९ मिलिमीटर मापाचे हलके छर्रे मी गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहे आणि त्यांच्याविषयी ठाम मत देता येईल इतके डबे आता रिकामे झाले आहेत. छर्रे परदेशी बनावटीचे, स्पर्धेच्या दर्जाचे म्हणून विकले जाणारे आहेत. पिस्तूल २०० बार दाबापर्यंत हवा भरायच्या सिलिंडरचे असून काही हंगाम वापरलेले आहे. तक्रार अशी होती की याच पिस्तुलातून याच डब्यातले पाच छर्रे कधी एकाच भोकातून जात, कधी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, वर-खाली ताणला जाई आणि कधी चार एकत्र बसून पाचवा भलतीकडे जाई. रेंजवर अशा वेळी मिळणारा सल्ला ठरलेला असतो, तो म्हणजे छर्रे बदला. माझ्या बाबतीत तो अर्धाच बरोबर ठरला आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटरने वाढते. एवढी जागा असताना मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा विचार कशाला करायचा, असे नवख्या नेमबाजाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र बरोबरी झाली की आतले दहा मोजले जातात आणि ते वर्तुळ अवघे ५ मिलिमीटरचे असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली सरबज्योत सिंग आणि जर्मनीचा रॉबिन वॉल्टर या दोघांचेही पात्रता फेरीत ५७७ गुण झाले होते. आतले दहा वॉल्टरचे १७ आणि सरबज्योतचे १६ असल्यामुळे सरबज्योत नवव्या स्थानावर राहिला आणि त्याची वैयक्तिक अंतिम फेरी हुकली. आपली पातळी ती नव्हे, हे मान्य आहे. तरीही चूक हाताची की साहित्याची हे कळल्याशिवाय सराव कशाचा करायचा हेच ठरत नाही.

म्हणून सर्वप्रथम हात बाजूला काढला. रेंजच्या परवानगीने पिस्तुलाची चौकट लाकडी फळ्या लावलेल्या बाकव्हाइसमध्ये, म्हणजे बाकाला बसवलेल्या शिकंज्यात, धरली. नळी किंवा सिलिंडर आवळले तर येणारा निकाल भरवशाचा नसतो, त्यामुळे पकड चौकटीवरच ठेवली. त्याआधी मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) आणि मुठीचे स्क्रू तपासले, नळीच्या तोंडाशी साचलेली शिशाची काजळी पुसली आणि फेल्टचे बोळे नळीतून काढले. स्वच्छ केलेली नळी लगेच स्थिर होत नाही, तिचे पहिले काही छर्रे इकडेतिकडे जातात, म्हणून ते हिशेबात धरले नाहीत. इतके केल्यावरही दोन्ही लक्षणे कायम राहिली. बाकव्हाइसला धाप लागत नाही आणि त्याचे मनगटही दुखत नाही, तेव्हा दोष पिस्तुलात किंवा छऱ्यात आहे हे निश्चित झाले.

वर-खाली ताणलेल्या ग्रुपचे कारण वेगात शोधायचे असते. छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावल्यावर बहुतेक छर्रे सेकंदाला सुमारे १५५ मीटर वेगाने जाताना दिसले. चार-पाच मिनिटे थांबून मारलेला पहिला छर्रा मात्र १६५ च्या आसपास जाई आणि दुसऱ्या-तिसऱ्या छऱ्यापासून आकडा पुन्हा जागेवर येई. हिशेब सोपा आहे. १० मीटर अंतर कापेपर्यंत १५५ च्या वेगाचा छर्रा गुरुत्वाकर्षणाने साधारण २० मिलिमीटर खाली येतो, तर १६५ च्या वेगाचा १८ मिलिमीटर, म्हणजे पहिला छर्रा दोन-अडीच मिलिमीटर वर बसणार. लक्ष्यावर तो तसाच बसत होता. हे रेग्युलेटरच्या गळतीचे लक्षण आहे. सिलिंडरमधला मोठा दाब रेग्युलेटर एका ठरावीक पातळीवर आणतो, परंतु त्याची आतली बैठक झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला की हवा हळूहळू पुढे झिरपत राहते आणि पिस्तूल जितका वेळ थांबेल तितका झडपेमागचा दाब चढत जातो. सलग झाडताना हा दोष लपतो आणि नेमका सामन्यात, जिथे नेमबाज दोन छऱ्यांमध्ये श्वास घ्यायला थांबतो, तिथे तो प्रकट होतो. हातात पिस्तूल असताना अशा वेळी आपण ट्रिगरला किंवा स्वतःच्या मनगटाला दोष देऊन मोकळे होतो.

जाणकार मिस्त्रीकडून रेग्युलेटर उघडून बैठक आणि ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलून घेतल्यावर पहिल्या छऱ्याचा उनाडपणा संपला. हे काम घरी करू नये, कारण दाबाखालचे सिलिंडर ही खेळण्याची वस्तू नव्हे. सिलिंडरवर छापलेली वापराची मुदतही याच निमित्ताने सर्वांनी पाहून घ्यावी. ती पाहणारे फार थोडे भेटतात.

राहिला तो भरकटणारा पाचवा. रेग्युलेटर दुरुस्त झाल्यावरही तो अधूनमधून सात-आठ मिलिमीटर बाजूला जात असे. वेगातल्या फरकाने एवढे अंतर पडत नाही आणि बाजूला तर पडतच नाही. इथे छऱ्याच्या डोक्याचे माप आड आले. छऱ्याचे डोके नळीतल्या आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, टेकून सरळ राहते आणि मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. डोके सैल असेल तर छर्रा किंचित तिरका होऊन बाहेर पडतो. ४.५० मिलिमीटर मापाचे, त्याच वजनाचे आणि त्याच बनावटीचे छर्रे आणून पाहिले, तेव्हा बाकव्हाइसमधून पाच छऱ्यांचे एकत्रित भोक बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साडेसहा मिलिमीटरच्या आत राहू लागले. छर्राच मुळात ४.५ मिलिमीटरचा आहे हे ध्यानात घेतले, तर याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. दुसऱ्या नळीला ४.४९ हेच माप मानवेल, त्यामुळे मित्राने सांगितले म्हणून माप निवडू नये.

वजनाच्या काट्यावर छर्रे निवडण्याचा उद्योगही केला. एका डब्यातले फरक इतके थोडे निघाले की निवडलेल्या आणि न निवडलेल्या छऱ्यांच्या ग्रुपमध्ये मला भेद दिसला नाही. त्यापेक्षा छर्रा भिंगाखाली फिरवून पाहणे कितीतरी उपयोगी आहे. पाचशेच्या डब्यात छर्रे एकमेकांवर आपटत प्रवास करतात आणि काहींच्या मागच्या घेराची कड एका बाजूने चेपून उजेडात चंद्रकोरीसारखी चमकते. असा छर्रा सरावालाही घेऊ नये. छर्रा नळीत ढकलताना नखाने तीच कड दुमडते, म्हणून अंगठ्याचा मांसल भाग वापरावा आणि प्रत्येक छर्रा सारख्याच खोलीवर बसवावा. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. इथे डबा म्हणजे जेवणाचा.

हलका छर्राच का, असे विचारले जाते. माझ्या पिस्तुलातून ०.५३ ग्रॅमचा रायफलचा छर्रा सेकंदाला १४५ मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे नळीत किंचित जास्त वेळ राहतो आणि तेवढ्या वेळात हाताची हालचाल त्याला लागते. हलक्या छऱ्याने पिस्तुलाचा धक्काही थोडा सौम्य वाटतो. उलट डोक्याचे माप आणि घेराची स्थिती याबाबत हलका छर्रा अधिक खोडकर आहे, निदान माझ्या नळीत तरी. जड छऱ्याचा ग्रुप सरासरीने थोडा मोठा आला, पण त्यात एकटा भरकटणारा छर्रा जवळजवळ दिसला नाही. शिकाऊ मुलांच्या क्लबच्या पिस्तुलांसाठी मी जड छर्रेच सुचवेन.

४.५० च्या हलक्या छऱ्यांवर मी समाधानी आहे, तक्रार पुरवठ्याची आहे. डब्यावर लॉट क्रमांक, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचा क्रमांक, असतो आणि लॉट बदलला की ग्रुपचा मध्य थोडा सरकतो. ज्या विक्रेत्याकडे एकाच लॉटचे डबे आगाऊ सांगून ठेवले होते, त्याने दोन वेगळ्या लॉटचे एकत्र बांधून दिले आणि विचारल्यावर "माल एकच आहे" एवढेच सांगितले. आता पैसे देण्यापूर्वी दुकानातच प्रत्येक डबा उलटा करून क्रमांक वाचतो. मिळालेला वेगळा लॉट सरावासाठी वापरून संपवतो आणि जुन्या लॉटचे उरलेले डबे सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत जिल्हा स्पर्धेसाठी ठेवतो.