शुगरची माहिती कुठून घ्यायची? फॉरवर्ड, रील, यूट्यूब की पेशंटचा ग्रुप

घरात कुणाला शुगर निघाली की दोन दिवसांत फोन भेंडीचं पाणी, कारल्याचा रस आणि "इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही" असल्या मेसेजनी भरतो. बाबांच्या वेळी हे सगळं बघून झालंय, म्हणून लिहितेय.

व्हॉट्सअॅप फॉरवर्ड माहिती म्हणून सगळ्यात बेकार, पण वर खूप वेळा फॉरवर्ड झाल्याचे दोन बाण दिसले की माणूस निदान जरा सावध तरी होतो. रीलचं तसं नाही, तिथे पांढरा कोट, गळ्यात स्टेथो आणि मिनिटभरात "डायबिटीस मुळापासून बरा". अहो, डायबिटीस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी खाली नंबर मागणाऱ्यांची रांग!

यूट्यूबवरचे मोठे व्हिडिओ बरे, बोलणारा खरंच डॉक्टर आहे का तेही कधीकधी खालच्या पट्टीत कळतं. पण गोंधळ तिथेही आहेच. डाएटवाले डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणणार दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आमची आई तर दोन्ही ऐकून वैतागली. दीक्षित आधी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि फास्टिंग इन्सुलिन (उपाशीपोटीचं इन्सुलिन) तपासून घ्यायला सांगतात, पण तीन मिनिटांचा तुकडा फिरतो त्यात नेमकं तेच गळतं. आणि खरा प्रश्न वेगळाच आहे, तुमची गोळी कोणती? ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी, चालू असेल आणि जेवण एकदम तोडलं तर शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर, सगळं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका बराच कमी. गोळ्यांचं नावही न काढता डाएट सांगणारा व्हिडिओ मी सरळ बंद करते.

पेशंटचे ग्रुप मला आवडले. सुई बोटाच्या टोकाला नाही, बाजूला टोचा म्हणजे कमी दुखतं, विमानात इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, हे तिथेच कळलं. पण "तुम्ही इन्सुलिन किती युनिट घेता?" सुरू झालं की म्यूट, कारण दुसऱ्याचा डोस आपल्या काय कामाचा?

तर आजार समजून घ्यायला यूट्यूब, रोजच्या खटपटीला ग्रुप, आणि गोळ्या-युनिटचं फक्त आपल्या डॉक्टरांना विचारायचं. बाबांचा कारल्याचा रस अजून चालूच आहे, त्यांनी तो डॉक्टरांना सांगितलाय आणि गोळ्याही चुकवत नाहीत, म्हणून मी गप्प.