बूम वँग: 24 फुटी शिडाच्या बोटीवर एक अख्खा हंगाम

वँग म्हणजे डोलकाठीच्या बुडापासून बूमला (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारा दोर-कप्पीचा संच. हे रेसवाल्यांचं खूळ, असं आपल्याकडे अजूनही ऐकायला मिळतं. हंगामभर वापरल्यावर माझं मत नेमकं उलट झालंय. कोकण किनाऱ्यावर निवांत फिरणाऱ्या बोटीला तो जास्त लागतो, आणि वेगासाठी तर अजिबात नाही.

कारण आपला वारा. जानेवारीनंतर सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, हलका असतो, ऊन चढलं की मरतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. जयगडहून रत्नागिरीकडे किंवा पुढे विजयदुर्गाला उतरायचं तर अख्खी दुपार वारा पाठीमागून, आणि नेमकं तेव्हाच मेनशीट (बूम आत ओढणारा दोर) अर्धी निकामी होते. बूम बाहेर गेली की शीट तिला आत ओढू शकते, खाली धरू शकत नाही. मग बूम वर उचलते, शिडाचा वरचा भाग पुढे झुकतो, खालचा मागेच राहतो. मागून लाट आली, बोट डोलली, की वरचा भाग आधी पलटतो आणि त्याच्यामागून बूम डोक्यावरून सुसाटत जाते. वँग बसवल्यावर हे डुगडुगणं जवळजवळ थांबलं. टिलर (सुकाणूचा दांडा) धरणाऱ्याचा हात दुखायचा राहिला, हा फायदा मी गृहीत धरला नव्हता.

आमची बोट जुनी, फायबरची, कमी उंचीच्या केबिनची. बूम 3 मीटर, वँग अडकवायची पट्टी गूसनेकपासून (बूम आणि डोलकाठीचा सांधा) 75 सेंमीवर. आता हिशोब बघा. लीचने (शिडाच्या मागच्या कडेने) बूमच्या टोकाला 50 किलोने वर ओढलं, तर 75 सेंमीवर ती ओढ चौपट, म्हणजे 200 किलो होते. वँग बूमशी 45 अंशांत असेल तर दोरावर साधारण 280 किलो येतात. केबिन आड येते म्हणून कोन 30 अंशांवर आला तर थेट 400. म्हणून खरेदीच्या आधी बोटीवर दोरी ताणून कोन मोजा. दुकानात 4:1 चा (हाताचा जोर चौपट करणारा) संच सर्रास गळ्यात मारतात. वरच्या हिशोबात 45 अंशांनाही हाताला 70 किलो लागतील, कप्प्यांचं घर्षण वेगळंच. मी दोन टप्प्यांत 8:1 केला. घरातली कुणीही व्यक्ती बसल्या जागेवरून ओढू शकते.

कोन उथळ असला की आणखी एक गोष्ट होते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वँग बूमला खाली ओढतो तसाच पुढेही ढकलतो, सगळा जोर गूसनेकवर. 30 अंशांत हा ढकल खालच्या ओढीपेक्षा पावणेदोन पट असतो. जुनी बोट असेल तर गूसनेकचा पिन आणि त्याची भोकं आधी तपासा, वँग नंतर.

बसवायला खरा वेळ गेला तो अॅल्युमिनियमवर स्टीलची पट्टी लावण्यात. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. रंगाखाली फुगवटे येतात, टोकरलं की पांढरी भुकटी निघते. मी मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट वापरले, प्रत्येक भोकात आणि पट्टीखाली ड्युरालॅक (दोन धातू वेगळे ठेवणारा लेप) चोपडलं. साधे अॅल्युमिनियमचे रिव्हेट इथे चालत नाहीत, ते मऊ पडतात. हंगाम संपल्यावर एक रिव्हेट मुद्दाम ड्रिल करून काढून पाहिला. खाली धातू स्वच्छ होता.

तक्रार शॅकलची (पिनने बंद होणाऱ्या कडीची) आहे. 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे म्हणून घेतलेले दोन शॅकल दिवाळी ते नाताळ एवढ्यातच तपकिरी पडले, एकाच्या पिनच्या आट्यांत गंज धरला. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, मिठाशी झुंजायला तेच कामाला येतं. 304 दिसायला अगदी तसंच. लोहचुंबक लावून ओळखू म्हणाल तर तेही खात्रीचं नाही. आता मी घडीव, आकडा कोरलेलेच घेतो. महाग पडतात, पडू देत.

शेजारी मचवा लावणारे तांडेल काका रोज येऊन बघायचे. त्यांच्या वडिलांच्या मचव्याला शीड होतं, बूम नव्हती, त्यामुळे हा दोर कशाला हे त्यांना पटेना. एकदा मिऱ्याच्या टोकाला वळसा घालून सोबत आले, वाटेत मी वँग मुद्दाम सोडून दाखवला. बूम उठली, शीड वरून फडफडलं. "ओढा ओढा, कळलं," एवढंच म्हणाले.

वापरताना दोन गोष्टी हाताला सवयीच्या हव्यात. रीफ घेण्याआधी (वारा वाढल्यावर शीड लहान करण्याआधी) वँग सोडायचा, नाहीतर बूम वर येत नाही, रीफचं मागचं टोक तिच्यापर्यंत ओढलं जात नाही आणि माणूस दोराला शिव्या देत बसतो. आणि वारा बाजूने असताना बोट कलून बूमचं टोक पाण्याला लागायला आलं, तर पहिला हात वँगकडे. सोडला की शिडाचा वरचा भाग वारा सांडतो, बोट उभी राहते. म्हणून त्याचा दोर कॉकपिटपर्यंत आणणं हा चोचला नाही. माझा कॅम क्लीट (दोर दातांत धरणारी पकड) थोडा खाली तोंड करून बसवला होता. वर झटका दिला तरी सुटेना, मिठाने ताठ झालेला दोर तर मुळीच नाही. खाली पाचर घालून त्याचा कोन बदलला, आता एका झटक्यात सुटतो.

काही जण हाच वँग डोलकाठीच्या बुडातून काढून कडेच्या रेलिंगला बांधतात आणि त्याला प्रिव्हेंटर (बूम अचानक पलटू न देणारा दोर) म्हणतात. करू नका. बूमचं टोक लाटेत गेलं तर ती मधोमध वाकते. प्रिव्हेंटर बूमच्या टोकापासून नाळेकडेच (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) जायला हवा.

गॅस किंवा स्प्रिंगचा रिजिड वँग (दोराऐवजी ताठ दांडा) एका मित्राच्या मोठ्या बोटीवर हाताळला. शीड उतरल्यावर बूम स्वतःच उभी राहते, टॉपिंग लिफ्ट (बूम वरून तोलून धरणारा दोर) लागत नाही, हे सुखाचं आहे. पण दोर-कप्पीच्या संचाच्या कित्येक पट पैसे, आणि गॅसचा दाब गेला की इथल्या एखाद्या बंदरात दुरुस्ती कुठून होणार? दोर तुटला तर मिरकरवाडा बंदरात दुसरा मिळतो. 24 फुटीला मी दोरच ठेवेन, फक्त पुढच्या हंगामाला पॉलिस्टर काढून पहिल्या टप्प्यात डायनिमा (फारसा न ताणणारा दोर) घालणार आहे, कारण वारा वाढला की पॉलिस्टर ताणतो आणि पुन्हा पुन्हा ओढावा लागतो.