खानावळीचे स्वच्छतागृह आणि बारचे स्वच्छतागृह
कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या एका मटण खानावळीचे आणि ताराबाई पार्कातील एका बारचे स्वच्छतागृह एकाच आठवड्यात पाहण्यात आले. बारमध्ये काळा ग्रॅनाइट, मंद पिवळा उजेड आणि हात पुढे करताच सुरू होणारा नळ होता. मात्र त्या उजेडात फरशी ओली आहे की कोरडी, हेच कळत नव्हते आणि सुगंधी फवाऱ्याखालून गटाराचा वास येतच होता. असा वास बहुधा जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपमधील, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतील, पाणी आटल्याने येतो. साधारण ५० मिलिमीटर उंचीचे ते पाणीच गटारातील वायू अडवून धरते आणि जाळीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतले तरी काम भागते. खानावळीत साध्या पांढऱ्या टाइल्स, एक ट्यूबलाइट आणि उंचावर झरोका एवढेच होते, पण पांढऱ्यावर डाग लपत नाही आणि जाळीकडे नीट उतार दिल्याने पाणीही साचले नव्हते. तांबड्या रश्श्याने तेलकट झालेले हात धुण्याचे बेसिन दाराबाहेर होते, त्यामुळे आत विनाकारण गर्दी होत नव्हती. साबणाची वडी तेवढी भिजून लिबलिबीत झाली होती. त्यापेक्षा बारमधला द्रवसाबण बरा. पिशवी अडकवायला दारामागे खिळा मात्र खानावळीतच सापडला.