एमजीबी, दोन एसयू कार्बोरेटर आणि पीयूसी : तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्याकडे १९६७ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश बनावटीची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, आहे. १७९८ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यावर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारे दोन एसयू एचएस४ कार्बोरेटर आणि सीबी पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेले लुकास डिस्ट्रिब्युटर, अशी तिची मूळ मांडणी. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर पॉइंट काढून तेथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आणि दोन्ही कार्बोरेटर उघडून नवे किट टाकले. त्यानंतर उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू ही गाडी छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद आणि वेरूळच्या रस्त्यावर नियमित चालली आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला प्रदूषण चाचणी प्रामाणिकपणे पार करता येते, आणि ज्या कामांमुळे ती पार होते त्याच कामांमुळे गाडी चालवायलाही सुरेख होते, असे माझे ठाम मत झाले आहे.

मुळात नियम जुन्या गाडीवर अन्याय करणारा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ नुसार भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन (एचसी) १५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १५०० भाग) चालते. भारत स्टेज-२ पासून हीच मर्यादा ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम अशी खाली येते. त्यामुळे चाचणी केंद्रावर गाडीचे उत्पादन वर्ष आणि प्रकार बरोबर भरला आहे ना, हे आपण स्वतः पडद्यावर पाहून घ्यावे. चुकीच्या रकान्यात गेलेली धडधाकट एमजीबीसुद्धा नापासच होणार.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगवेगळा आहे, हे समजले की निम्मे काम झाले. सीओ वाढलेला असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. एचसी वाढलेला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, आणि त्याचे कारण बहुधा कमजोर ठिणगी, चुकलेले टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), गळका व्हॉल्व्ह किंवा कोठून तरी आत शिरणारी हवा हे असते. म्हणूनच आमच्या मिस्त्रीचाचांनी कार्बोरेटरच्या मिश्रण ठरवणाऱ्या नटाला शेवटपर्यंत हात लावला नाही. आधी थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) ०.०१५ इंचावर बसवले, मग प्लगचा गॅप ०.०२५ इंच केला, मग टायमिंग तपासणारा टायमिंग लाइट लावला. इनटेक मॅनिफोल्डवर असलेल्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा (इंजिनाच्या पोटातील वायू पुन्हा इनटेककडे नेणारा व्हॉल्व्ह) रबरी पडदा चिरलेला निघाला. तो बदलताच आयडलिंगची कुरकुर थांबली, तीही मिश्रणाला अजिबात न छेडता.

मग खरे नाजूक काम. दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात का, हे चाचा रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ऐकतात आणि दोन्हीकडचा फुसकारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवत राहतात. त्यानंतर कार्बोरेटरमधल्या पिस्टनखालची छोटी पिन जेमतेम एक मिलिमीटर उचलायची. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण गडद (पेट्रोल जास्त), इंजिन गचके देऊ लागले तर पातळ (पेट्रोल कमी), आणि वेग किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. जेटखालचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीखालचा) षटकोनी नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा. वर घेतला की मिश्रण पातळ होते, खाली घेतला की गडद. चोक आत ढकलल्यावर जेट पूर्ण वर परतला आहे का, हेही बोटाने वर दाबून पाहावे. आमच्या गाडीचा मागचा जेट अर्धवट अडकत असे आणि तेवढ्यानेच सीओ मर्यादेबाहेर जात असे. आता सीओ साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि एचसी मर्यादेच्या बऱ्याच खाली राहतो.

चाचणीपुरते मिश्रण पातळ करून नंतर पुन्हा गडद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मला मुळीच पटत नाही. मिश्रण अति पातळ झाले की काही वेळा ठिणगी पडूनही ते पेटत नाही आणि एचसी उलट चढतो. शिवाय तसेच चालवत राहिल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याचा धोका असतो. सायलेन्सरमध्ये तपासणीची नळी न घालताच पीयूसीचा कागद देण्याची तयारी दाखवणारे एक केंद्रही भेटले. तेथून मी गाडी वळवली.

इथेनॉलचा मुद्दा आपल्या भागात विशेष जिव्हाळ्याचा, कारण मराठवाड्याचा ऊस त्यात आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आपोआप पातळ पडते. आम्ही नट एक-दोन पैलू खाली घेतला, तेव्हा इंजिन पूर्ववत गुळगुळीत चालू लागले आणि सीओही मर्यादेत राहिला. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या मात्र बदलणे भाग आहे, कारण इथेनॉल त्यांना मऊ करते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत असे पेट्रोल ठेवू नये. ते हवेतील ओलावा धरते.

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना या गाडीची खरी परीक्षा होते. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे गाडी बंद केल्यावर खालची उष्णता थेट फ्लोट चेंबरपर्यंत (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यापर्यंत) पोहोचते. मधली उष्णतारोधक पत्र्याची ढाल जागेवर असणे येथे फार महत्त्वाचे आहे. पीयूसीला सकाळी जावे, पण इंजिन पुरते तापवून. रांगेत फार वेळ आयडलिंगवर उभे राहिल्यास प्लग काळे पडू लागतात, म्हणून नळी घालण्यापूर्वी काही क्षण इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरावे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनबद्दल समाधान आहे. पॉइंट झिजून टायमिंग हळूहळू सरकण्याचा प्रकार संपला आणि दोन चाचण्यांमध्ये एचसीचा आकडा जवळपास स्थिर राहिला. उणीव एकच : त्याचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेले तर रस्त्याकडेला दुरुस्ती होत नाही. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवणेही टाळावे, कॉइल आणि मॉड्यूल तापतात. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि फीलर गेज एका डब्यात घालून मी डिकीत ठेवले आहेत, आणि ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनीही तो संच विकू नये.