शेतातली शाळा, भरधाव रस्ता: मुलाला चालत पाठवायचं, सायकलने, बसने की गाडीने?

घरापासून शाळा दीड-दोन किलोमीटरवर. बरीचशी वाट शेतांमधून जाते, पण मधेच तीन-चारशे मीटर मोठा डांबरी रस्ता लागतो आणि त्याला पदपथ नाही. अशा ठिकाणी पहिली-दुसरीतल्या मुलाला कसं पाठवायचं, हे बहुतेक घरांत अंतरावरून ठरतं. जवळ असेल तर चालत, लांब असेल तर गाडी. माझं मत वेगळं आहे. अंतरावरून फार तर निघायची वेळ ठरवावी. साधन ठरवावं ते वाटेतल्या सगळ्यात वाईट शंभर मीटरांवरून. बाकी वाट कितीही छान असो, धोका त्या तुकड्यातच साठलेला असतो. चालणं, सायकल, बस आणि गाडी हे चार पर्याय त्या तुकड्यावर कसे उतरतात, एवढंच खरं तर ताडून पाहायचं.

खेड्याकडच्या रस्त्यांचा एक फसवेपणा असतो. वाहनं कमी, म्हणून रस्ता निवांत वाटतो. पण रस्ता मोकळा मिळाला की वेग वाढतो, आणि दहा मिनिटांत एकही गाडी आली नाही की मूल रस्त्याकडे बघायचंच सोडून देतं. चालकाचंही तेच. रोज रिकाम्या मिळणाऱ्या वळणावर आज कोणी असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

आधी वाट पाहा, तीही गुडघ्यावर बसून

जिथे रस्ता ओलांडायचा आहे तिथे जा आणि गुडघ्यावर बसा. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. तुम्हाला कुंपणावरून दिसणारी गाडी त्याला दिसत नाही, आणि चालकाला ते दिसत नाही. आता गाडी पहिल्यांदा नजरेला पडल्यापासून तुमच्यासमोरून जाईपर्यंतचे सेकंद मोजा. सहा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला लहान मूल सहा-सात सेकंद घेऊ शकतं. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्या वेळात १३० ते १५५ मीटर पुढे आलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंना दहा सेकंद तरी मिळायला हवेत. चार-पाचच मिळत असतील तर ‘नीट बघून ओलांड’ हा सल्ला त्या जागी निरुपयोगी आहे. मुलाने नीट बघितलं तेव्हा गाडी नव्हतीच. ते रस्त्याच्या मध्यावर पोचलं तेव्हा आली. तिथे ओलांडण्याची जागाच बदलावी लागते. पन्नास-शंभर मीटर पुढेमागे सरकलं तरी पुष्कळदा दृश्य पालटतं.

मुलांच्या नजरेची मर्यादाही धरून चालावं लागतं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी २०१०च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग केले. ताशी तीसेक किलोमीटरपेक्षा वेगाने अंगावर येणाऱ्या गाडीचा अंदाज या मुलांना नीट येत नाही, असं त्यात दिसलं. मूल हूड आहे किंवा लक्ष देत नाही, असा त्याचा अर्थ नाही. हा अंदाज घेण्याची क्षमताच त्या वयात अजून घडत असते, त्यामुळे रागावून काही साधत नाही.

वेगाचं गणित चालकाच्या बाजूनेही बघा. रस्ता कोरडा आणि चालक सावध असेल, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी साधारण १३-१४ मीटरांत थांबते, ५० वेगाची २८ मीटरांच्या आसपास आणि ८० वेगाची ५५ ते ६० मीटरांत. पावसात ही अंतरं आणखी वाढतात. फेब्रुवारी २०२०मधल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि वाहनं एकत्र येतात तिथे कमाल वेग ताशी ३० ठेवावा असं म्हटलं आहे, ते याच हिशेबातून. तुमच्या वाटेवरच्या त्या वाईट तुकड्यात गाड्या ३०ने जातात की ८०ने, हे कळल्याशिवाय पुढच्या तुलनेला अर्थ नाही.

चालत: एकट्याने आणि गटाने हे दोन वेगळे पर्याय

चालण्याचे फायदे नव्याने सांगायला नकोत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सुचवते. लहान मुलाला एक किलोमीटर चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाय उचलून चाललं तर जाऊन-येऊन निम्मा हिशेब वाटेतच पुरा होतो. शिवाय रस्ता कसा वाचायचा हे मूल चालतानाच शिकतं, गाडीच्या मागच्या सीटवर बसून नाही.

पण ‘चालत पाठवतो’ म्हणताना कोणासोबत, हे आधी बोला. साधारण दहाव्या वर्षापर्यंत वेगवान रस्त्यावर मुलासोबत मोठं माणूस हवंच, असं मी धरतो. कुठलं मूल आठव्या वर्षी तयार असेल, कुठलं अकराव्याही नसेल. वाट पूर्ण शेतातून किंवा वस्तीतल्या गल्ल्यांतून जात असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा मार्ग गटाचा. चार-पाच घरांतली मुलं ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमतात. एक मोठं माणूस पुढे, एक मागे. ही ‘चालती बस’ १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंग्विक्ट यांनी लोकांपुढे मांडली आणि नंतर ती अनेक देशांत रुजली. जपानमध्ये तर प्राथमिक शाळेतली मुलं गटाने चालत शाळेत जाण्याची पद्धत जुनीच आहे. लहानांना मोठ्या वर्गातली मुलं घेऊन जातात. खेड्याकडे अडचण येते ती घरं विखुरलेली असल्याची. मग गट घरापासून सुरू करायचा हट्ट सोडावा. प्रत्येकाने आपलं मूल त्या वाईट तुकड्याच्या अलीकडे आणून सोडावं आणि तेवढा टप्पा सगळ्यांनी मिळून पार करावा. एक सावधगिरी: हे काम एकाच उत्साही पालकाच्या गळ्यात पडलं की काही आठवड्यांत बंद पडतं. पाळ्या लावा आणि पाळी चुकली तर कोणाला फोन करायचा, तेही ठरवून ठेवा.

पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चालायचं. मोठ्या माणसाने वाहनांच्या बाजूला राहायचं. आंधळं वळण आतल्या बाजूने पार करायचं नाही. बरंच आधी, जिथे दोन्हीकडचं दिसतं तिथे, बाजू बदलायची. मोठ्या गटाने चालणाऱ्यांसाठी काही देशांच्या नियमांत बाजू वेगळी सांगितलेली असते, तेव्हा आपल्याकडचा नियम पाहून घ्या. ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर किंवा कापणीचं यंत्र आलं तर कडेकडेने चालत राहायचं नाही. रस्त्यावरून पूर्ण खाली उतरायचं, थांबायचं आणि ट्रॉलीसकट सगळं गेल्यावरच निघायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर पाय घालायचाच नाही. त्या दिवसाची दुसरी वाट किंवा सुट्टी आधीच ठरलेली हवी.

दिसण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भडक पोपटी किंवा नारिंगी रंगाचं जाकीट दिवसा उजेडात उपयोगी, अंधारात त्याचा रंग मावळतो. चकाकणारी पट्टी उलट: ती दिव्याचा झोत पडला तरच उजळते, दिवसा तिचा फारसा उपयोग नाही. पहाटेच्या धुक्यासाठी दोन्ही हवं. पट्टी दप्तराच्या मागे लावाच, शिवाय घोट्यापाशी लावली तर हलणारा पाय चालकाच्या चटकन लक्षात येतो.

सायकल

तीन-चार किलोमीटरांसाठी सायकलसारखं साधन नाही, हे खरं. पण प्राथमिकच्या वयात मी ती सावधपणेच सुचवेन. जर्मनीत ८ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांच्या रस्त्यावर सायकल चालवू देत नाहीत, पदपथावरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकलमार्गावरूनच चालवावी लागते, आणि चौथीच्या आसपास शाळेतच सायकलची परीक्षा होते. जिथे सायकलसाठी रस्ते आखलेले आहेत तिथलीही ही सावधगिरी आहे.

अडचण सहसा तोल सांभाळण्याची नसते. एकाच वेळी दोन कामं करण्याची असते. साधी चाचणी घ्या: मोकळ्या मैदानात मूल सरळ रेषेत चालवत असताना मागून हाक मारा आणि खांद्यावरून मागे बघायला सांगा. हँडल त्याच बाजूला वळलं, तर ते मूल रस्त्यासाठी अजून तयार नाही. मग ब्रेक बघा. बोटं लिव्हरपर्यंत आरामात पोचतात का, आणि उतारावर पूर्ण दाबता येतो का? ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेतलेली सायकल इथेच नापास होते.

खेड्याकडच्या रस्त्यावर आणखी एक जागा नीट बघण्यासारखी असते, ती डांबराची कड. डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे पुष्कळदा चार बोटांची पायरी पडलेली असते. मागून हॉर्न वाजला की मूल घाबरून खाली उतरतं, पुढचं चाक खडीत रुततं. परत वर चढायला जातं तेव्हा चाक कडेला घासून सायकल रस्त्याच्या बाजूला कोसळते. तुमचा वाईट तुकडा असा असेल तर सायकल तेवढी हातात धरून न्यायला लावा, नाहीतर सायकलचा विचार वर्षभर पुढे ढकला. मोठं माणूस सोबत सायकलवर असेल तर त्याने मुलाच्या मागे आणि किंचित रस्त्याच्या बाजूला राहावं.

शाळेची बस

बसच्या आत बसलेलं मूल चांगलंच सुरक्षित असतं. धोका चढता-उतरताना असतो. बसच्या भोवतीचा साधारण तीन मीटरांचा पट्टा सगळ्यात वाईट, कारण तिथलं लहान मूल चालकाला दिसेलच असं नाही. म्हणून बसबद्दल चौकशी करताना पहिला प्रश्न असा विचारा: थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे? मुलाला उतरल्यावर रस्ता ओलांडावा लागत असेल, तर वाईट शंभर मीटर टळले नाहीत, फक्त दुसरीकडे गेले. बस निघून जाऊन दोन्हीकडचं स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, हे मुलाच्या अंगवळणी पडायला हवं. शाळा सुटल्यावर घरी पळण्याच्या घाईत तेच राहतं. दप्तराचे लोंबते पट्टे दारात अडकतात, तेही आवरून बांधा.

दुसरा तोटा वेळेचा. विखुरलेल्या घरांमुळे बस फिरत-फिरत जाते आणि पहिल्या घरातलं मूल खूप वेळ नुसतं बसून राहतं. थांबा दारात मागण्यापेक्षा सुरक्षित वाटेने पाच-सात मिनिटं चालत जाता येईल असा मागितला, तर चालणंही होतं आणि बसच्या फेऱ्याही कमी होतात.

स्वतःची गाडी

पट्टा आणि वयाला साजेशी सीट असेल तर आतल्या मुलासाठी गाडी सोयीची आणि सुरक्षित आहे, यात वाद नाही. खूप लांबचं घर, आजारपण, मुसळधार पाऊस यांत ती वापरावीच. तोटा इतरांच्या मुलांना होतो. शाळेच्या फाटकाशी अरुंद रस्त्यावर दहा-बारा गाड्या एकदम वळतात, मागे येतात, आणि चालत आलेलं मूल त्यांच्यामधून वाट काढतं. मागे येणाऱ्या गाडीच्या मागचं लहान मूल आरशात दिसत नाही. चालत पाठवण्याची भीती वाटते म्हणून गाडी, आणि गाड्या वाढल्या म्हणून आणखी भीती, असं हे वाढत जातं.

दुचाकीचं थोडक्यात: मुलाचे पाय पायटेकणीपर्यंत पोचत नसतील किंवा त्याच्या मापाचं हेल्मेट नसेल, तर जवळच्या शाळेसाठीही नको.

मला सगळ्यात पटतो तो अर्ध्या वाटेचा पर्याय. गाडीने वाईट तुकडा ओलांडायचा, शाळेपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, गाडी वळवायला जागा असेल तिथे मुलाला रस्त्याच्या कडेच्या बाजूने उतरवायचं आणि उरलेलं अंतर चालायचं. यासाठी शाळेकडे एकच गोष्ट मागावी लागू शकते: शेताच्या किंवा मैदानाच्या बाजूचं मागचं फाटक सकाळी आणि सुटताना उघडं ठेवणं. मोठ्या रस्त्याकडे तोंड असलेल्या शाळेत याने जेवढा फरक पडतो तेवढा फलक लावून पडत नाही.

तुमच्या घरासाठी

वाट दीड किलोमीटरपर्यंत आणि मोठा रस्ता लागतच नसेल, तर चालत. यात विचार करण्यासारखं फारसं नाही. मोठा रस्ता लागतो पण ओलांडताना दहा सेकंद मिळतात आणि कडेने चालायला साइडपट्टी आहे, तर गटाने चालत, मोठ्या माणसासोबत. सेकंद कमी मिळत असतील किंवा कडेला जागाच नसेल, तर तेवढा तुकडा गाडीने किंवा बसने, पुढे चालत. तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर बस, पण थांबा घराच्या बाजूचा मिळतो का ते पाहूनच. सायकल चौथीपासून पुढे, मागे बघण्याची चाचणी पास झाल्यावर आणि वाईट तुकडा टळत असेल तरच. हे पावसाळ्याआधी, आणि वाटेतलं पीक उंच झाल्यावर पुन्हा तपासा. मोकळ्या शेतापलीकडे दिसणारं वळण उभ्या पिकात पूर्ण झाकलं जातं.

मूल मोठ्या वर्गात गेलं आणि एकट्याने जायचं म्हणू लागलं, की काही दिवस तुम्ही मागे चाला आणि त्याला पुढे जाऊ द्या. रस्ता कधी ओलांडायचा हे त्यालाच ठरवू द्या, पण कारण मोठ्याने सांगायला लावा: ‘ती गाडी वळणावर आहे, ती जाऊ दे.’ त्याचं आणि तुमचं उत्तर रोज जुळू लागलं की आधी शाळेजवळचा टप्पा सोडा, मग त्याच्या अलीकडचा. वाईट तुकडा सगळ्यात शेवटी.