जे नॅशनल पार्क आम्ही पाहिलंच नाही

आमचा टूरवाला पैसे घेऊन सरळ पळून गेला असता तर परवडलं असतं, असं मी हल्ली म्हणतो. पळून गेलेल्या माणसाची तक्रार तरी सोपी असते. आमच्या माणसाने आम्हाला हिमालयात नेलं, फिरवलं, जेवू घातलं, आणि कबूल केलेल्यातलं जवळजवळ काहीच दिलं नाही. प्रत्येक गोष्टीच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरीच गोष्ट ठेवली. फरक कळायला त्या भागाची थोडी माहिती लागते. ती आम्हाला नाही हे त्याने पहिल्या फोनवरच ओळखलं असणार.

सहल होती हिमाचलची. ‘संस्कृती आणि निसर्ग, सात दिवस, फक्त बारा जण’. कुल्लूचा दसरा, लाकूड-दगडाच्या काठकुणी घरात मुक्काम, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये एक दिवस, विणकरांच्या गावात एक दुपार. पोस्टरवर जुजुराणाचा फोटो. हा हिमाचलचा राज्यपक्षी, एका जातीचा रानकोंबडाच म्हणा, पण असा नटलेला की नावातच राजा. दिल्ली ते दिल्ली माणशी 24,500 रुपये. आम्ही चौघं: मी, बायको, ताई आणि भाऊजी. ताई-भाऊजींना मीच गळ घातली होती, त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजही वाटते.

विश्वास बसण्याचं कारण सांगायला हवं. तो मराठी होता. फोनवर ‘दादा, काळजी करू नका, शेवटच्या रात्री पिठलं-भाकरीची सोय केलीय’ म्हणाला आणि भाऊजी विरघळले. आपण मराठी माणसं हिमालयात जाऊनही पिठलं कुठे मिळेल हेच शोधतो, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. पैसे यूपीआयने पाठवायचे होते. पाठवताना स्क्रीनवर टूर कंपनीचं नाव आलं नाही, एका बाईंचं नाव आलं. विचारलं, तर ‘आईचं खातं आहे, करंट अकाउंटचं काम चालू आहे’. तिथेच थांबायला हवं होतं. जे आगाऊ द्यायचं ठरलं होतं ते 60 टक्के होतं. निघायच्या चार दिवस आधी ‘होमस्टेवाले ऐकत नाहीत’ म्हणून उरलेलेही मागवले, आणि वर माणशी 1,500 ‘पार्क परमिट व कॅमेरा’ म्हणून. आम्ही तेही दिले.

दसऱ्याची गंमत ऐका. कुल्लूचा दसरा बाकीच्या देशाचा संपतो तेव्हा सुरू होतो. विजयादशमीला ढालपूरच्या मैदानात रघुनाथजींचा रथ ओढतात. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने ही मूर्ती अयोध्येहून आणवली म्हणतात. मनालीहून हडिंबा आल्याशिवाय उत्सव सुरू होत नाही, खोऱ्यातले शेकडो देव पालख्यांतून येतात, आणि सातव्या दिवशी बियासच्या काठी लंकादहन होऊन सगळे आपापल्या गावी परततात. आता आमची बस दिल्लीहून निघाली कोजागिरीच्या रात्री. दशमी ते पौर्णिमा बोटांवर मोजा: सहावा दिवस. सकाळी पोहोचलो तो सातवा. त्या दिवशी थेट कुल्लूला गेलो असतो तर निदान शेवट तरी पाहायला मिळाला असता. पण त्याने आम्हाला अलीकडेच औटला उतरवून जिभी या गावी नेलं आणि कुल्लू चौथ्या दिवसावर टाकलं.

चौथ्या दिवशी ढालपूरला काय होतं? बाजार. स्वेटर, प्लास्टिकची खेळणी, जिलेबी, आकाशपाळणा. देव केव्हाच घरी गेले होते. फोन केला तर म्हणाला, ‘मेळा चालू आहे ना?’ चालूच होता. उत्सव संपल्यावरही दुकानं बरेच दिवस राहतात. वाक्य खरं होतं. त्याची सगळीच वाक्यं अशी होती. सबंध आयुष्य पंचांग बघून दसरा साजरा करणाऱ्या आम्हा चौघांपैकी एकालाही तिथी मोजावीशी वाटली नाही, याला काय म्हणायचं?

काठकुणी घराचंही तसंच. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे थर एकावर एक, मधे चुना-सिमेंट काही नाही, म्हणून भूकंपात घर हलतं पण पडत नाही. आमचं घर बाहेरून अगदी तसंच दिसत होतं. पहिल्या रात्री मोबाइल चार्जिंगला लावताना प्लगखालच्या ‘ओंडक्या’वर माझी बोटं आपटली आणि टकटक असा पोकळ आवाज आला. कडेला नख घातलं तर फळीचा पापुद्रा वर आला. प्लायवुड. त्यामागे विटा आणि सिमेंट. खोली स्वच्छ होती, गरम पाणी होतं, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण हॉटेलच हवं असतं तर निम्म्या पैशांत मिळालं असतं.

दुसरा दिवस मात्र सुंदर गेला, आणि तो फुकटचा होता. जलोडी जोत, म्हणजे खिंड, उंची साधारण 3,120 मीटर, तिथून खरसूच्या (ओकच्या) जंगलातून पाचेक किलोमीटर चालत सेरोलसर तलाव. काठावर बुढी नागिणीचं देऊळ, लोक तूप वाहतात. पाण्यात एक पान नाही. आभी नावाची चिमणीएवढी पाखरं पडलेलं पान लगेच उचलून नेतात अशी श्रद्धा आहे. ताई अर्धा तास पाखरू दिसतंय का बघत बसली होती. सहलीतला तो अर्धा तास कुणी विकलेला नव्हता, म्हणून त्यात खोटही नव्हती.

आता पार्क. सकाळी गुशैणीला गाडी थांबली, तीर्थन नदीच्या कडेने दीड तास चाललो, एका लहान धबधब्यापाशी पॅक लंच खाल्लं. आमच्याबरोबरचा ट्रिप लीडर, एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा, म्हणाला ‘हेच नॅशनल पार्क’. फोटो काढले. भाऊजींनी घरच्या ग्रुपवर ‘युनेस्को वर्ल्ड हेरिटेजमधून’ असं लिहून टाकले सुद्धा. परत येताना चहाच्या टपरीवरच्या आजोबांना मी सहज म्हटलं, पार्क छान आहे तुमचं. त्यांनी मान वर केली. ‘पार्क? गए कहाँ आप? गेट तो ऊपर है, रोल्ला के पास.’

रोल्ला गुशैणीहून आठ-नऊ किलोमीटर वर आहे. त्याच्या अलीकडे पार्कची हद्द सुरू होते. 754 चौरस किलोमीटरचं ते जंगल 2014 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच्या बाहेरचा, गावं असलेला पट्टा म्हणजे इकोझोन. तिथे फिरायला परमिट लागतच नाही. आम्ही त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर डबा खाऊन आलो होतो, माणशी 1,500 देऊन. खऱ्या परमिटवर प्रत्येकाचं नाव असतं, ओळखपत्र द्यावं लागतं, आणि ते वन खात्याच्या कार्यालयात मिळतं. आमच्याकडे कुणी आधारची प्रत मागितलीच नव्हती. परमिटचे पैसे घेतले पण ओळखपत्र मागितलं नाही, एवढी एक गोष्ट जरी डोक्यात आली असती तर निघण्याआधीच पोल खुलली असती.

विणकरांचं गाव म्हणजे हायवेवरचं शोरूम निघालं. दारात एक हातमाग, त्यावर एक बाई, आणि आत कमिशनची दुकानदारी. ताईने 4,800 ची ‘हातमागाची, शुद्ध लोकरीची’ शाल घेतली. कुल्लूच्या शालीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, खऱ्या मालावर तसं लेबल बघून घ्यायचं असतं. यावर लेबल होतं, फक्त दुकानाचं. रात्री भाऊजींनी कोपऱ्यातला एक धागा ओढून काडी लावली. लोकर जळाली तर केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत राख चुरते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. ताईने तो मणी हातात घेऊन बराच वेळ फिरवला. काही बोलली नाही.

त्याच संध्याकाळी खरं नाटक झालं. ड्रायव्हरने कुल्लूच्या पुढे गाडी बाजूला घेतली, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, मला फक्त डिझेलचे मिळालेत, माझे 18,000 बाकी आहेत, ते मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही. तो चुकीचा नव्हता. जिभीच्या हॉटेलवाल्यालाही एकाच रात्रीचे मिळाले होते. आमच्या साहेबांचा फोन बंद. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला गेलो तर खाली ओळ आली, की फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतात. ट्रिप लीडर पोरगा रडायला लागला. त्याने म्हणे या कामासाठी 8,000 रुपये ‘ट्रेनिंग फी’ भरली होती, आणि आमच्याआधी तो या खोऱ्यात एकदाच आला होता. बारा जणांनी 1,500 काढून ड्रायव्हरचे चुकते केले. पुढे नग्गर गावात किल्ला आणि रशियन चित्रकार रोरिकचं घर आमचं आम्हीच जाऊन पाहिलं. परतीच्या व्होल्वोचं बुकिंग नव्हतंच, म्हणून दोन दिवस आधी हिमाचलच्या सरकारी (एचआरटीसी) बसने दिल्ली गाठली. पोराचं तिकीट भाऊजींनी काढलं.

बसमधूनच 1930 ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसे गेल्या गेल्या केला तर ते गोठवायची शक्यता असते. आमच्या पहिल्या हप्त्याला महिना होत आला होता, दुसऱ्यालाही आठवडा उलटून गेला होता. घरी आल्यावर पोलीस ठाण्यात ऐकायला मिळालं, ‘तुम्ही जाऊन आलात ना? मग ही सेवेतली त्रुटी, ग्राहक आयोगात जा.’ राग आला, पण त्या सल्ल्यात तथ्य होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरून नीट माहिती मिळाली: 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वकील न लावताही चालतं.

कागद जुळवताना भाऊजींनी, जे बँकेतून निवृत्त झालेत, पावतीवरचा जीएसटी क्रमांक पहिल्यांदा मोजला. चौदा आकडे-अक्षरं. खरा क्रमांक पंधराचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. जीएसटीच्या साइटवर टाकून बघायला मिनिट लागतं. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत.

तुम्ही कुणाबरोबर अशा सहलीला निघाला असाल तर मी एवढंच करायला सांगेन: मुक्कामाच्या घराचं नाव मागा आणि तिथे स्वतः फोन करा. हिमाचलात होमस्टेची पर्यटन खात्याकडे नोंदणी असते, तो नंबर विचारा. आमच्या तारखांना बुकिंग आहे का आणि पैसे पोहोचले का, हेही विचारा. पहाडातली माणसं फोनवर सरळ सांगतात. ‘नाव शेवटी कळवतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तो कितीही गोड मराठी बोलत असला तरी.

आयोगाची पहिली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली. दुसरी, ज्या बाईंच्या खात्यात पैसे गेले त्यांच्या नावाने काढायला अर्ज दिलाय. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. ताई म्हणते, मी शाल घेऊन येणार. कोपऱ्यातला एक धागा ओढलेला आहेच, काडेपेटी तेवढी कुणीतरी आणा.