ॲलिस क्लार्कचं पुस्तक घेताय? आधी प्रत बघून घ्या

ॲलिस क्लार्कचं 'वर्किंग लाइफ ऑफ विमेन इन द सेव्हन्टीन्थ सेंच्युरी' हे सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बायकांच्या कामाविषयीचं पुस्तक १९१९ सालचं. शंभरी उलटली, तरी बायकांच्या कामाचा इतिहास लिहिणाऱ्याला अजून ते ओलांडून जाता येत नाही. लेखिका सॉमरसेटमधल्या स्ट्रीट गावची, क्लार्क्स बुटांच्या घराण्यातली. कंपनीची संचालक आणि बायकांच्या मताधिकार चळवळीतली कार्यकर्तीही. (आजोबा जॉन ब्राइट एवढे मोठे सुधारक, पण बायकांच्या मताच्या बाबतीत पुढे विरोधात गेले!) चाळिशीच्या सुमारास ती लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये संशोधनाला लागली. कारखाना चालवलेल्या बाईनं लिहिलंय हे लगेच कळतं. हिशेब कुठे सुटत नाही.

प्रस्तावना रुक्ष आहे. आधी कापडधंद्याचं प्रकरण वाचा, मग कारागिरीचं. दिवसभर सूत कातून बाईचं स्वतःचं पोट जेमतेम भरे, पोरांचं नाही, हे ती मजुरीच्या सरकारी दरांवरून दाखवते. या दरांत जेवणासकटची मजुरी वेगळी आणि बिनजेवणाची वेगळी असते. दोन्हींतला फरक म्हणजे जेवणाचा खर्च. हे ध्यानात नसेल तर पुढचे आकडे डोक्यावरून जातात. रकमेपुढचा 'एस' म्हणजे शिलिंग, 'डी' म्हणजे पेनी. १२ पेनींचा १ शिलिंग, २० शिलिंगांचा १ पौंड.

सुईणींवरचा भाग तर सुरेखच. १६८७ मध्ये एलिझाबेथ सेलियरनं सुईणींसाठी रीतसर संस्था काढायची योजना मांडली होती, तिचीही दखल इथे आहे.

आता प्रतीचं. लेखिका १९३४ मध्ये गेली. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो, म्हणजे मूळ मजकूर कधीच मोकळा झाला. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅन फुकट मिळतो. मात्र पानांची छायाचित्रं असलेली पीडीएफच उतरवा. यंत्रानं ओळखलेल्या मजकुरात सतराव्या शतकातलं स्पेलिंग आणि मजुरीचे आकडे हमखास बिघडतात, तळटिपा मध्येच घुसतात. मागणीनुसार छापून मिळणाऱ्या स्वस्त प्रती बहुधा याच फुकट स्कॅनवरून काढलेल्या असतात. त्यांवर पैसे घालवू नका.

कागदी प्रतच हवी असेल तर रौटलेज प्रकाशनाची १९८२ किंवा १९९२ ची आवृत्ती जुन्या बाजारात शोधा. १९९२ च्या आवृत्तीला इतिहासकार एमी लुईस एरिक्सनची प्रस्तावना आहे, तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायला हरकत नाही. कारण क्लार्कचा मुख्य दावा, म्हणजे भांडवलशाहीनं काम घराबाहेर नेलं आणि बायकांची कमावती जागा गेली, नंतरच्या अभ्यासकांनी बराच तासला. आधीचा काळ तिनं जरा जास्तच सोनेरी रंगवला, हा जुडिथ बेनेटसारख्या इतिहासकारांचा आक्षेप पटण्यासारखा आहे: बिअर बनवणाऱ्या बायका भांडवलशाहीच्या कितीतरी आधीपासूनच मागे पडत होत्या.